परवा उघडं, आज बंद

मी शटर बोलतोय. लोखंडी पट्ट्यांचं, दुकानाला असतं तसलं साधं गुंडाळायचं शटर. वर जाणं आणि खाली येणं, यापलीकडे मला काही येत नाही. तरीही गेल्या निवडणुकीत माझे दोन फोटो छापून आले. एकात मी वर होतो, एकात खाली, आणि दोन्हींच्या खाली या गावाचं भविष्य लिहिलेलं होतं. म्हणून म्हटलं, एकदा आपणही बोलावं. मला कोणी विचारलेलं नाही. इथे कोणाला कोणी विचारत नाही, फक्त विचारल्यासारखं करतात.

माझा जन्म बसस्थानकामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. वेल्डरने एक पट्टी दुसरीत अडकवली, वरच्या दांड्यात स्प्रिंग बसवली आणि मला वर-खाली करून पाहिलं. "लोण्यासारखं चालतंय," तो म्हणाला. तेवढीच स्तुती माझ्या वाट्याला आली.

मला बसवलं ते काच कारखान्याच्या फाटकासमोरच्या गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानाला. सगळे त्यांना मास्तर म्हणत. कारखान्यातल्या कामगारांचे निळे गणवेश मास्तर शिवत. भट्टीवर काम करणाऱ्याची बाही दुहेरी कापडाची, बाटल्या मोजणाऱ्याच्या शर्टाला पेनाचा खिसा, फाटकावरच्या पहारेकऱ्याला खांद्यावर पट्टी. कारखान्याचा भोंगा वाजला की मास्तर मला वर करत.

माणूस कोणत्या दिवसांतून जातोय, हे त्याच्या शटर उचलण्यावरून कळतं. ज्याला काम आहे तो मला खालून एक ढकल देतो आणि हात सोडतो. उरलेली वाट माझी मी जातो. ज्याला काम नाही तो मला थेट वरपर्यंत धरून नेतो, मध्येच सोडलं तर मी काहीतरी विचारीन अशी भीती असल्यासारखा. मास्तर हात सोडणारे होते.

मग कारखान्याची भट्टी विझली.

काचेची भट्टी कायम पेटती ठेवावी लागते. एकदा थंड झाली की आतला रस आतच गोठतो, आणि मग भट्टी फोडल्याशिवाय तो निघत नाही. मालक जाताना फाटकावर पाटी लावून गेले: तात्पुरते बंद. भट्टीचं काय होतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी लोक ती पाटी वाचायला बरेच दिवस येत राहिले.

गल्लीतली शटरं एकामागून एक खाली आली. आधी खानावळ, मग सायकलवाला, मग भांडीवाला. शेवटी वीज कार्यालयाची माणसं शिडी घेऊन आली आणि गल्लीची लाइनच काढून घेऊन गेली. मास्तरांच्या डोळ्यांना तोपर्यंत सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं. त्यांनी मला खाली ओढलं, कुलूप घातलं आणि पायरीवर बसून राहिले. नंतर ती त्यांची रोजचीच जागा झाली. कोपऱ्यावरची चहाची टपरी तेवढी चालू राहिली. टपरीवाल्याला सगळे डबल म्हणतात, कारण तो प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतो. "या या, बसा बसा. साखर कमी? कमी कमी."

मास्तरांना एक लेक आहे. तिची आई ती लहान असतानाच गेली; घरात ही दोघंच. कात्री तिने बापाच्या हाताखालीच धरली. शेजारच्या मोठ्या गावातल्या रुग्णालयाने तिच्याकडून थोडे कपडे शिवून घेतले आणि म्हटलं, काम चांगलं आहे, सगळ्यांचेच गणवेश तुम्ही करा. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. घरच्या एका खोलीत चार मशीन मावत नव्हती. दुकान होतं, शिवणाऱ्या बायका होत्या. वीज नव्हती.

ती वीज कार्यालयात गेली. परत येऊन पायरीवर बापाशेजारी बसली.

"काय म्हणाले?" मास्तरांनी विचारलं.

"एका दुकानासाठी लाइन टाकत नाहीत. म्हणे आधी पाच दुकानं उघडा."

"विजेशिवाय कशी उघडायची?"

"तेच मी म्हणाले. तर म्हणतात, ते आमच्या खात्यात येत नाही."

मास्तर हसले. "आणि नाही झालं तर?"

"तर शहरात जाते, बाबा. मामेबहिणीच्या कंपनीत शिवणाऱ्या बायका हव्यात. तुम्हीही चला."

"मी तिथं कुठल्या पायरीवर बसू?" मास्तर म्हणाले. दोघांच्या पाठी माझ्या पट्ट्यांना टेकलेल्या होत्या, म्हणून मला कळलं की दोघांपैकी एकाचा श्वास नीट चालत नव्हता. कोणाचा ते सांगत नाही.

एवढ्यात निवडणूक आली. उमेदवार दोन. एक साहेब, जे आधीपासून निवडून येत होते. आणि एक मॅडम, ज्यांना आता यायचं होतं. मागासलेल्या गावांचं म्हणणं ऐकून घ्यायला दोघंही येणार, असं जाहीर झालं. लेकीने ठरवलं, दोघांनाही तोंडावर विचारायचं: आमच्या गल्लीत लाइन टाकाल का? त्यापलीकडे तिला काही नको होतं.

आधी साहेब यायचे होते. आदल्या दिवशी त्यांचा माणूस आला. काळा चष्मा, हातात दोन फोन, बोलायला मात्र गोड.

"काका, उद्या सकाळी गल्लीतली सगळी शटरं वर पाहिजेत. साहेब चालत येणार. गल्ली कशी जिवंत दिसली पाहिजे."

"जिवंत?" मास्तर म्हणाले. "दुकानात माल नाही हो."

"मालाचं आम्ही बघतो."

आणि बघितलंही. टेंपो भरून खोकी आली. सायकलवाल्याच्या दुकानात बिस्किटांची रिकामी खोकी, भांडीवाल्याच्या दुकानात तीच. मागच्या बाजूला जनरेटर आणून ठेवला, प्रत्येक दुकानात वायर ओढून बल्ब लावला. माझ्या खाचांत रॉकेल ओतलं, ग्रीस फासलं, आणि तिघांनी मिळून मला वर ढकललं. इतक्या वर्षांनी माझी स्प्रिंग हलली तेव्हा मी असा किंचाळलो की डबलच्या हातून पेला पडला. "अरे बापरे बापरे," तो म्हणाला.

लेकीने मात्र खोकी आत येऊ दिली नाहीत. "आमच्याकडे आमचं सामान आहे," ती म्हणाली, आणि घरचं विजेचं मशीन आणून बल्बखाली मांडलं.

आणि मग असा प्रकार झाला की सगळ्या गल्लीचा गोंधळ उडाला. दुकानात दिवा दिसला, मशीन दिसलं, आणि गावाला वाटलं की मास्तरांचं दुकान पुन्हा सुरू झालं. लोक कपडे घेऊन आले! कोणाची चेन तुटलेली, कोणाची पँट लांब, कोणाच्या दप्तराचा पट्टा. भट्टीवर काम केलेले एक आजोबा आपला जुना निळा शर्ट घेऊन आले आणि म्हणाले, "कोपरात फाटलाय, बघ जमतंय का. घरी घालायला." साहेब येईपर्यंत दुकानासमोर रांग लागली होती. चष्मेवाला खूष. त्याला वाटलं, ही माणसंही टेंपोतूनच आली.

साहेब आले. कॅमेरे आले. साहेब माझ्याखाली उभे राहिले आणि म्हणाले, "कोण म्हणतं हे गाव बसलंय? हे बघा!" रांगेकडे हात केला. रांगेनेही मान डोलावली.

लेक पुढे झाली. "साहेब, ही वीज आजच्यापुरती आहे. गल्लीत लाइन टाकून द्याल का? कपडे शिवायचं मोठं काम मिळतंय. चार बायकांना रोजगार होईल."

"झालंच समजा, ताई."

"कधीपर्यंत? मला महिनाअखेरीला कळवायचंय."

"अहो, झालंच म्हटलं ना!" साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचाही फोटो निघाला.

गाड्यांचा ताफा गल्लीच्या तोंडाशी वळला आणि मागे जनरेटर बंद झाला. लेक त्या वेळी आजोबांची बाही शिवत होती. सुई कापडात अर्धी उतरलेली, तशीच थांबली. तिने वर बल्बकडे पाहिलं. मग चाक हाताने फिरवून सुई बाहेर काढली. माणसं वायर गुंडाळून गेली. टेंपो खोकी घेऊन गेला. रांगेतले लोक थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "कपडे राहू देत. परवा येतो."

दोन दिवसांनी मॅडम यायच्या होत्या. त्यांचा माणूस सकाळीच आला. हा तापट, घामाघूम झालेला.

"ही शटरं कोणी उघडी ठेवली? खाली घ्या! मॅडम बंद गल्लीवर बोलणार आहेत. बंद गल्ली दिसायला नको?"

"परवा उघडा उघडा, आज बंद बंद," डबल म्हणाला.

"तुमची टपरीही बंद करा. धंदा चालतोय असं दिसतं."

"माझा? दिसतो, दिसतो? मलाच कसा दिसत नाही?"

टपरीवर ताडपत्री टाकली. मॅडमना चहा लागतो असं नंतर कळलं, तेव्हा तो डबलला ताडपत्रीच्या आत बसून करायला लावला.

लेक दुकानातच होती. लोकांचे कपडे त्यांना द्यायचे होते, म्हणून ती हाताने शिवत बसली होती. ती त्या माणसाला म्हणाली, "शटर अर्धं घेते. प्रश्नांच्या वेळी मला बाहेर यायचंय."

"या की, ताई. मी स्वतः बोलावतो," तो म्हणाला आणि पुढच्या दुकानाकडे धावला. थोड्या वेळाने त्याच्या हाताखालची माणसं आली. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मला खडाड्कन खाली ओढलं आणि कडीत नवंकोरं कुलूप अडकवलं. फोटोत कुलूप दिसायला हवं होतं. पायरीवरून मास्तर ओरडले, "अरे, आत माणूस आहे!" पण तोवर ढोल सुरू झाले होते.

मॅडम माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बोलणं चांगलं होतं, खोटं काही नव्हतं. भट्टी विझली हे खरं, मुलं गाव सोडतात हे खरं. मग त्यांनी माझ्यावर थाप मारली. "काय आहे या शटरमागे? अंधार! दुसरं काही नाही!"

माझ्या आतल्या बाजूला त्याच वेळी दुसऱ्या दोन हातांच्या थापा पडत होत्या. "उघडा! मला विचारायचंय!" एका पट्टीवर बाहेरून एक हात, आतून दुसरा. मधे मी, पत्र्याएवढ्या जाडीचा. बाहेर टाळ्या एवढ्या झाल्या की आतलं काही ऐकू जाईना.

मास्तर गर्दीतून पुढे गेले, हात जोडले. "बाई, कुलूप काढायला सांगा. माझी लेक आत आहे."

मॅडमनी मास्तरांचा हात धरून उंच केला. "ऐकलंत? आजोबा काय म्हणाले ऐकलंत? या गावची प्रत्येक लेक आज अशी कोंडलेली आहे!"

टाळ्या थांबेनात. मास्तर काहीतरी बोलत होते, पण त्यांचा हात वरच होता.

ढोल वाजत गेले. गाड्या गेल्या, आणि कुलपाची किल्ली कोणाच्या तरी खिशातून पुढच्या गावाला गेली. डबल ताडपत्रीखालून बाहेर आला, त्याने हातोडी आणली आणि कडीवर घाव घातले. कुलूप नवं होतं, ते तुटलं नाही. माझी कडी वाकली आणि कुलूप तिच्यातून निसटलं. मला वर केलं तेव्हा लेक मशीनजवळ उभी होती.

"पोरी, लागलं का कुठं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"पाणी आणू? आणू?" डबल म्हणाला.

"नको." तिने आजोबांचा निळा शर्ट त्याच्या हातात दिला. "हा त्यांना द्या. बाही झालीय." मग बापाकडे न बघता म्हणाली, "बाबा, रुग्णालयाला नाही म्हणून कळवते."

रडणं, भांडणं काही झालं नाही. तशा गोष्टींसाठीही माणसात काहीतरी शिल्लक असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात मी वर होतो: गाव सावरतंय. एकात मी खाली होतो: गाव कोलमडलं. भजी बांधायला आणलेली ती दोन्ही पानं डबलने टपरीवर टांगली आणि म्हणाला, "दोन्ही खरं, दोन्ही खरं." पहिल्यांदाच त्याचं दोनदा बोलणं मला पटलं.

पुढे दोघांपैकी एक निवडून आलं. कोण, ते महत्त्वाचं नाही. माझ्या पट्ट्यांवर आज दोघांचेही कागद चिकटलेले आहेत आणि पावसाने दोघांचेही चेहरे सारखेच पांढरे केले आहेत. लेक शहरात गेली. मशीन टेंपोत चढवताना तिने मला शेवटचं खाली घेतलं. हात सोडला नाही, थेट जमिनीपर्यंत धरून आणलं. लाइन आलेली नाही. मास्तर पायरीवर येऊन बसतात. ती दर रविवारी फोन करते, आणि ते तिला सांगतात की गल्ली ठीक आहे.

माझी कडी तशीच वाकडी आहे. तुम्हीही कधी कुठल्या गावाचं दुःख ऐकायला गेलात, तर माझी एक विनंती आहे. शटर वर करा, खाली करा, फोटो काढा. आम्हाला सवय आहे. फक्त कुलूप लावण्याआधी एकदा हाक मारून बघा, आत कोणी आहे का.

माझ्यासाठी तेवढीही तसदी घेऊ नका. मला खुशाल कुलूप लावा. आता आत कोणी नाही.