दादाच्या मापाची गाडी

जुनी गाडी बघायला जाताना लोक सोबत मेकॅनिक नेतात. मी टेप नेली. चाळीस वर्षं गळ्यात घालून फिरलेली, पिवळी, सुरुवातीचे आकडे बोटांनी पुसून गेलेली शिंप्याची टेप. दुकान बंद करून तीन वर्षं झाली, तरी ती अजून माझ्या खिशात असते. रुमाल विसरेन, टेप विसरत नाही.

"साहेब, काय करताय?" गाड्या विकणाऱ्या बाईंनी विचारलं. मी एका गाडीचं दार उघडून उकिडवा बसलो होतो आणि जमिनीपासून सीटपर्यंतची उंची मोजत होतो.

"माप घेतोय."

"अहो, मोजायचं काय त्यात? बसून बघा ना."

"मला नाही बसायचं. भावाला बसायचंय."

"मग भावाला घेऊन या."

"त्याची गरज नाही. त्याचं माप आहे माझ्याकडे."

बाईंनी भुवया वर केल्या. पन्नाशीच्या असतील. पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा. गिऱ्हाईक विक्षिप्त असलं की गप्प बसायचं, हे त्यांनाही धंद्याने शिकवलेलं दिसत होतं. मीही तेच करायचो.

तसा मी विक्षिप्त नाही. तापट आहे, ते मान्य. पण या गोष्टीत मी सगळं नीट विचार करून चाललो होतो. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, वहिनी गेल्यापासून एकटाच राहणारा. दोन महिन्यांपूर्वी घराच्या पायरीवरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. डॉक्टरांनी खुबा बदलला आणि पुढचा व्यायाम करून घ्यायला त्याला एका सेंटरमध्ये ठेवलं. नियम एकच, पण कडक. बसताना गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. म्हणजे खोल सोफा नको, बुटकी खाट नको, आणि खाली बसावं लागेल अशी गाडी तर मुळीच नको.

माझी गाडी नेमकी तशी. तिच्यात बसणं म्हणजे बादलीत बसणं.

सोमवारी माझी पुतणी, म्हणजे दादाची मुलगी, सेंटरमध्ये मला म्हणाली, "काका, शनिवारी सोडतायत. मी बाबांना माझ्याकडे घेऊन जाते."

ती राहते सहा तासांवर.

"का? इथे मी मेलोय का?"

"झालं तुमचं सुरू. काका, आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामाला न्यायचंय, सहा महिने. तुमच्या गाडीत ते बसणार आहेत का?"

"दुसरी घेतो."

ती हसली. मग माझा चेहरा बघून थांबली. "बरं. शनिवारी बाबांना नीट बसता येईल अशी गाडी दारात उभी असेल, तर बाबा तुमच्याकडे. नाहीतर माझ्याकडे. मग वाद नाही."

दादा पांघरूण छातीपर्यंत ओढून ऐकत होता. "अर्ध्या," तो मला म्हणाला, "तुला कशाला हा उपद्व्याप?"

अर्ध्या हे माझं नाव फक्त त्याच्या तोंडी आहे. लहानपणी मी त्याच्या निम्म्याने होतो. पुढे मीही वाढलो, पण नाव काही वाढलं नाही. त्याने नको म्हटलं नाही, उपद्व्याप म्हटलं. दादाच्या भाषेत हा होकार असतो.

आणि उपद्व्याप कशाला, तर सांगतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. दुकान होतं तोवर दिवसाला पंधरा-वीस माणसं माझ्यासमोर हात वर करून उभी राहायची. मी कोणाच्या खांद्याला हात लावायचो, कोणाच्या मनगटाला, कोणी पोट आत ओढायचं आणि मी म्हणायचो, सोडा, खोटं माप देऊ नका. आता महिन्यातून एकदा न्हावी माझ्या मानेला हात लावतो, तेवढाच. संध्याकाळी मी रेडिओवरच्या बातम्यांशी भांडतो आणि बातम्या उलट बोलत नाहीत. एकटं राहून मी पार कंटाळलो होतो. हे दादाला तोंडाने सांगायची मला लाज वाटत होती, म्हणून मी गाडी शोधत होतो.

दादाचं माप माझ्या वहीत होतं. वही कशाला, मला पाठच होतं. पायाची आतली लांबी, म्हणजे मांड्यांच्या जोडापासून घोट्यापर्यंत, एकतीस इंच. त्याच्या लग्नाचा सूट मी शिवला, तो माझा पहिला सूट. तेव्हापासून त्याच्या सगळ्या पँटी एकतीसच्या. घोट्याखालचं मिळवलं, बसताना टेकायला लागतं तेवढं वजा केलं आणि हिशेब आला तीस इंचांचा. सीट जमिनीपासून तीस इंच हवी. दादाने पाठमोरं व्हायचं, टेकायचं, पाय आत घ्यायचे. खुबा जास्त वाकायचा प्रश्नच नाही.

पहिली गाडी निघाली पंचवीस इंच. दुसरी साडेसत्तावीस.

"ही बघाच," बाई म्हणाल्या. "धड उंच नाही, धड बुटकी नाही. वयस्कर माणसं हीच घेतात. नुसतं टेकलं की बसली."

"माझा भाऊ सहा फुटांचा आहे. सगळे त्याला लंबू म्हणायचे. यात त्याचे गुडघे हनुवटीला लागतील."

"सहा फूट? वय काय त्यांचं?"

"चौऱ्याहत्तर."

"अहो मग एकदा आणाच त्यांना. माझी आई—"

"बाई, मी चाळीस वर्षं माणसं मोजलीत."

बोललो आणि बोलतानाच जरा टोचलं. कारण दुकानात माझा नियमच होता की माणूस समोर उभा करा. नवऱ्याची जुनी पँट घेऊन बायको आली की मी परत पाठवायचो. कोणाच्या तोंडी सांगण्यावर कात्री चालवणार नाही म्हणायचो. पण ते नियम गिऱ्हाइकांना. दादा काही गिऱ्हाईक नव्हता. सख्ख्या भावाला टेप लावायची म्हणजे त्याला परका करण्यासारखं झालं.

गेल्या वर्षीची गोष्टही तेव्हा आठवायला हवी होती. पुतणीने दादाच्या दोन पँटी माझ्याकडे पाठवल्या होत्या, दोन-दोन इंच कमी करायला. मी तिला फोनवर फैलावर घेतलं. "माझ्या पँटी लांब होत नाहीत. त्याला कमरेवर घालायला सांग. पट्टा आवळायला सांग." आणि पँटी न कापता, इस्त्री करून परत पाठवल्या. इस्त्री मात्र छान केली होती.

तिसरी गाडी मागच्या रांगेत होती. करडी, चौकोनी, चांगली धिप्पाड. मी टेप लावली. बरोब्बर तीस. पुन्हा लावून बघितली. तीसच.

बाई म्हणाल्या, चालवून बघा. मी दांडीला धरून वर चढलो. चढलो हाच शब्द बरोबर. बाई शेजारी बसल्या, आणि फाटकातून रस्त्यावर आलो तर मला वेगळंच वाटायला लागलं. इतकी वर्षं मी पुढच्या गाडीचे दिवे बघत गाडी चालवली होती. आता मला लोकांच्या गाड्यांची छपरं दिसत होती, भिंतीपलीकडे वाळत घातलेले कपडे दिसत होते, एका बाल्कनीत दाढी करणारा माणूस दिसत होता.

"वर बसण्याचा हाच फायदा," बाई म्हणाल्या. "चार गाड्या पुढचं दिसतं."

मी शेजारच्या सीटकडे बघितलं. तिथे बाई होत्या, पण मला दादा दिसत होता. खिडकीतून कोपर बाहेर काढून बसलेला, मला चुकीचा रस्ता सांगणारा, आणि चुकल्यावर तुलाच कळत नाही म्हणणारा. दादा आयुष्यात कधी बरोबर रस्ता सांगू शकला नाही. आठवड्यातून तीनदा, सहा महिने. सहा महिने झाले की तो इतका रुळलेला असेल की जायचं नावच काढणार नाही, असा माझा मनातला डाव होता. मी गाडी घेतली.

राहिलेले दोन दिवस मी घर दादाच्या मापाचं केलं. खाटेच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे ठोकून बसवले. जेवायच्या टेबलाजवळ दुसरी खुर्ची मांडली आणि तिच्यावर जाड गादी शिवून घातली. रोज चार वाजता दादाला भेटायला जात होतो, पण गाडीचं एक अक्षर बोललो नाही. तो तेव्हा नेहमी पडलेला असायचा, पांघरुणात. चालण्याचा व्यायाम सकाळी असायचा. भेटायची वेळ चारची.

शनिवारी दहा वाजता मी ती करडी गाडी सेंटरच्या दाराशी लावली. टायरसुद्धा पुसून घेतले होते. पुतणीची गाडी शेजारी उभी होती, साधी, ना उंच ना बुटकी. मी तिच्याकडे बघून जरा छाती काढली.

काचेचं दार उघडलं आणि दादा वॉकर धरून बाहेर आला.

दोन महिन्यांत मी त्याला पहिल्यांदा उभा बघत होतो. खरं तर त्याआधीही किती वर्षांत मी त्याला नीट उभा बघितला नव्हता. पाठीला बाक आलेला. दोन्ही गुडघे वाकलेले, सरळ होतच नव्हते. पँटीचे पाय दोनदा दुमडून सेफ्टी पिना लावलेल्या. माझ्याच हातची पँट, माझ्याच इस्त्रीची.

"अर्ध्या! केवढी ही गाडी!" दादा म्हणाला. तो माझ्याच उंचीवरून बोलत होता.

व्यायाम करून घेणारी बाई त्याला गाडीपाशी घेऊन आली. त्याला पाठमोरं केलं. सीटची कड थेट त्याच्या बुडाशी लागली. दादाने टाचा उचलल्या, मागे रेलला, पुन्हा टाचा उचलल्या. वॉकर घसरला. तिने त्याला गच्च धरलं.

"बास. हे जमणार नाही."

"खाली स्टूल ठेवू," मी म्हणालो. "मी धरतो ना."

"पाय निसटला तर पुन्हा ऑपरेशन. कोणी जबाबदारी घ्यायची?"

मी खिशात हात घातला. टेप होतीच. रस्त्यातच गुडघ्यावर बसलो आणि दादाच्या पायाला टेप लावली. त्याने सवयीने हात वर करायला बघितले, मग वॉकर आठवला तसा पुन्हा धरला. साडेअठ्ठावीस. एकतीसच्या जागी साडेअठ्ठावीस. मी पुन्हा मोजलं. मग उगाचच दुसरा पायही मोजला.

"अरे, मला विचारायचंस तरी," दादा वरून म्हणाला. "टेप तर खिशातच असते तुझी."

"मला वाटलं, तू पाठ आहेस मला."

त्याने वॉकरवरचा एक हात सोडला. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. बहुधा तोल सावरायलाच ठेवला असेल.

मी उठून म्हणालो, "सोमवारी बदलून आणतो. दुसरी एक होती तिथे, साडेसत्तावीसची. गाड्या विकणारी बाई देईल बदलून."

"आणि सोमवारपर्यंत?" पुतणीने विचारलं. आवाज चढवला नव्हता तिने, उलट हळू बोलत होती. "काका, खाट किती उंच केलीत?"

ठोकळे मीच ठोकले होते, याच मापाने.

तिच्या गाडीत दादा पहिल्याच वेळी बसला. सीटवर एक घट्ट उशी होती. टेकला, पाय आत घेतले, झालं. गुरुवारी सकाळीच तिने त्याला एकदा बसवून बघितलं होतं आणि त्या अंदाजाने उशी आणली होती. म्हणजे तिने ट्रायल घेतली होती. शिंपी मी, आणि ट्रायल तिने घेतली.

"सहा महिन्यांनी बघू," ती मला म्हणाली. मग जवळ येऊन माझा हात दाबला. "तुम्ही या ना तिकडे अधूनमधून."

मी हो म्हटलं. रडायला येत होतं, म्हणून तिच्यावर डाफरलो, की सावकाश चालव, खड्डे बघून चालव.

"अर्ध्या," दादाने काचेतून हाक मारली, "त्या दोन पँटी पुन्हा पाठवतो, तेवढ्या कापून दे."

ते निघाले. मी वर चढलो आणि मागे निघालो. माझं घर त्याच रस्त्याला होतं, मोठ्या चौकापर्यंत. दोघांच्या मध्ये एक गाडी शिरली, मग दुसरी, मग एक टेम्पो. तरी मला त्यांची गाडी दिसत होती. दादाने खिडकीतून कोपर बाहेर काढलं होतं. थोड्या वेळाने हात वर करून डावीकडे दाखवायला लागला. बहुतेक तिला रस्ता सांगत होता. चुकीचाच असणार.

चौकात ते सरळ गेले. मला वळायचं होतं, पण मी कडेला गाडी थांबवली. पुढचा रस्ता लांब आणि सरळ होता. माझ्या जुन्या गाडीतून ते पहिल्या सिग्नललाच दिसेनासे झाले असते. या गाडीतून मला दादाचा हात खूप लांबपर्यंत दिसत राहिला.