उष्टी वही

ताई सव्वासातला वर यायची. खालच्या मजल्यावरचं आपलं घर आवरून, भावजींचा डबा भरून, केस अजून ओलेच. नऊला तिला दवाखान्याच्या लॅबमध्ये पोचायचं असायचं, त्यामुळे मधला तासभर बारकीचा. बारकी म्हणजे तिची धाकटी बहीण. वय त्रेचाळीस आणि वजनाबद्दल न बोललेलंच बरं, पण घरात एकदा नाव पडलं ते पडलं. बाहेर ती पटकथा लिहायची आणि तिथे तिला मॅडम म्हणायचे. ते ऐकून ताईला दर वेळी हसू यायचं.

बारकी पाचला उठायची. आधी लिहायची नाही, चालायची. प्रसंगातल्या माणसाला दारापासून खुर्चीपर्यंत जायला किती पावलं लागतात, तेवढ्यात त्याचं मन बदलू शकतं का, हे ती स्वयंपाकघरात चालून बघायची. मग टेबलाशी बसायची, पाठकोऱ्या कागदांवर, पेन्सिलीने. पहिल्या खेपेला संवाद नाहीतच. कोण कुठे उभं आहे, हातात काय आहे, कुणाला कुणापासून काय लपवायचंय, एवढंच. रसायनशास्त्र शिकून दोन वर्षं रंगाच्या कारखान्यात नमुने तपासलेली बाई ती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं, ही सवय तिने तिथून आणली होती. मालिकांच्या धबडग्यात सहा वर्षं काढूनही ती गेली नाही.

झालेलं लिखाण ताई मोठ्याने वाचायची. सगळ्यांचे संवाद, एकाच आवाजात. लॅबमध्ये ती फोनवर डॉक्टरांना रिपोर्ट सांगायची, त्याच आवाजात. 'हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन' आणि 'मी तुला सोडून चाललोय' यांत ताईच्या तोंडी काडीचा फरक नसायचा. कंसातल्या सूचनासुद्धा ती सोडायची नाही.

"कंसात, रडू आवरत," ताई वाचायची. मग चष्म्यावरून बघायची. "का गं आवरते ही? रडू दे की एकदाचं. दोन पानं तरी वाचतील."

त्या सपाट आवाजात जे वाक्य उभं राहिलं, ते बारकी ठेवायची. आडवं झालं ते खोडायची. ताईने कधी मत दिलं नाही आणि बारकीने कधी मागितलं नाही.

संवादांसाठी एक वही होती, कॉलेजात असल्यापासूनची सवय. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर कानावर पडलेली वाक्यं बारकी तिच्यात टिपायची. ताईने त्या वहीचं नाव ठेवलं होतं उष्टी वही. "दुसऱ्याच्या तोंडातलं ना? मग उष्टंच की."

वहीचा एक नियम होता. वाक्य जसं कानावर पडलं तसंच लिहायचं, आणि फक्त वाक्य. कोण बोललं, कधी, कशाबद्दल, काही नाही. नाव लिहिलं की वाक्य त्या माणसाचं राहतं, असं बारकीचं म्हणणं होतं. वर्ष संपलं की न वापरलेली वाक्यं नव्या वहीत उतरवायची आणि जुनी रद्दीत. काही वाक्यं अशी चार-पाच वह्यांमधून चालत आली होती. एखाददुसरं तर त्याहूनही जुनं.

एका आठवड्यात ताई तापाने पडली होती, म्हणून नव्या सिनेमाची संहिता पहिल्यांदाच तिच्या तोंडून न जाता निर्मात्याच्या ऑफिसात पोचली. तिथे आठ जणांनी टेबलाभोवती बसून वाचन केलं. नवरा गेलेल्या एका बाईची गोष्ट होती. एकेचाळिसाव्या प्रसंगानंतर दिग्दर्शकाने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, हे एक वाक्य म्हणजे आपला सिनेमा."

चार दिवसांनी ताई पुन्हा वर आली. चेहरा उतरलेला, पण आवाज तोच.

"प्रसंग एकेचाळीस. घर, आत, सकाळ," ती वाचू लागली. "पोस्टमन बाईच्या हातात बुद्धिबळाचं मासिक देऊन जातो. शेजारीण. हे अजून येतं? बाई. कंसात, मासिकावरचं नवऱ्याचं नाव वाचत. अजून येतंय. त्याला कुणी..."

ताई थांबली. बारकीला वाटलं, अक्षर लागत नसेल.

"सांगायचं," ती म्हणाली. "त्याला कुणी सांगायचं."

"दिसतंय मला." ताईने कागद जवळ घेतला. "हे कुठून आणलंस?"

"वहीतून."

"वहीत कुठून आलं?"

"ते आता कसं आठवणार? जुनं आहे. कुणाच्या तरी पेन्शनबद्दल असेल."

"पेन्शनबद्दल," ताई म्हणाली. मग तिने चष्मा काढला. "दूध, बारके."

एकोणीस वर्षांपूर्वी ताईला मुलगी झाली होती. ती तीन दिवस जगली. चौथ्या दिवशी सकाळी बारकी वॉर्डात स्टुलावर बसली होती. परीक्षा जवळ आली होती, म्हणून मांडीवर पुस्तक होतं. ताईच्या गाऊनला समोरून ओल आली. ताईने मान खाली घालून त्या ओलीकडे बघितलं आणि ती दोन वाक्यं बोलली. दूध हा शब्द ती बोललीच नव्हती. समोर दिसत होतं, बोलायची गरज काय होती? आणि नियम असा की जसं कानावर पडलं तसंच लिहायचं.

बारकीला आता सगळं आठवलं. स्टुलाचा एक पाय आखूड होता. नर्स दूध थांबवायला छातीला पट्टा बांधायला आली तेव्हा पडदा अर्धाच ओढला गेला होता. हे सगळं तिच्याकडे इतकी वर्षं होतंच, जसंच्या तसं. नव्हतं ते फक्त वाक्य. वहीत ठेवलं की ते डोक्यातून जायचं. वही त्यासाठीच तर होती.

"मी चोरलं नाही गं, ताई. शप्पथ. माझ्या लक्षातच नव्हतं."

"चोरलं असतंस तर बरं झालं असतं," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "चोराला निदान माहीत असतं, कुणाच्या घरातून उचललं ते."

बारकीने हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली.

"तिथे काय झालं? ऑफिसात?"

"आवडलं सगळ्यांना."

"आवडलं म्हणजे काय केलं त्यांनी?"

बारकीला खोटं बोलता आलं असतं. रोज तेच तर करायची ती, पेन्सिलीने. "आधी हसले," ती म्हणाली. "मग गप्प झाले."

"हसले." ताईने कागदांच्या कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. "ह्यांच्याजवळसुद्धा कधी बोलले नाही मी ते. त्यांना झेपलं नसतं. तू समोर होतीस म्हणून तोंडातून निघालं. मला वाटलं होतं, ते तुझ्याकडे आहे. बरं वाटायचं मला त्याचं."

"काढून टाकते मी."

"तुझं तू बघ." ताई उठली. आठ वाजायला अजून वीस मिनिटं होती.

बारकीने आठवडाभर दुसरं वाक्य शोधलं. बत्तीस लिहिली. त्यातली कित्येक चांगली होती आणि एकही त्या जागी बसेना. शेवटी तिने बाईला बोलूच दिलं नाही. बाई मासिक घेते, टेबलावर ठेवते, दार लावते. तसा प्रसंग लिहून तिने पाठवला, तेव्हा दिग्दर्शकाचा फोन आला.

"मॅडम, सोन्यासारखं वाक्य होतं हो. कुणाची नजर लागली?"

"ते माझं नाही."

"म्हणजे?" त्याचा आवाज एकदम सावध झाला. "कुठल्या सिनेमातलं आहे का? आधी सांगायचं ना."

"सिनेमातलं नाही. घरातलं आहे."

"हात्तिच्या," तो मोकळा हसला. "घरातलं म्हणजे आपलंच की."

बारकीने फोनवर कधी भांडण केलं नव्हतं. त्या दिवशीही तिने आवाज चढवला नाही. तेच तेच चार वेळा सांगितलं: ते वाक्य राहिलं तर माझं नाव काढा, आणि लेखी कळवा. तिसऱ्या दिवशी त्याने वाक्य काढल्याचं कळवलं. एका ओळीत, खाली नमस्कार न घालता. एकेचाळिसावा प्रसंग पुढे संकलनात कापला गेला. बाई नुसतीच दार लावते, त्यात बघण्यासारखं काय आहे, असं सगळ्यांचं मत पडलं, आणि ते बरोबरही होतं. पुढच्या सिनेमासाठी त्या ऑफिसातून बोलावणं आलं नाही.

वाक्य निघालं ते बारकीने ताईला सांगितलं. खाली जाऊन, तिच्या दारात उभी राहून.

"बरं," ताई म्हणाली. "चहा घेणार का?"

ताई वर यायची थांबली नाही. रोज सव्वासातला हजर. रागावलेली नव्हती, हेच बारकीला कळायला वेळ लागला. वाचायचीही पहिल्यासारखीच. बदललं होतं ते तिचं बोलणं. पूर्वी ताईचं बोलणं म्हणजे अर्ध्याच्या वर समोरच्याने समजून घ्यायचं. 'आला का गं?' म्हणायची आणि विचारलेलं असायचं बारकीचा चेक, भावजींचा फोन किंवा नुसताच अंगात जोर. आता ती म्हणायची, "आज पाणी उशिरा आलं. मी दोन बादल्या भरून ठेवल्या आहेत." कर्ता, कर्म, क्रियापद. उचलून कुठे नेता येईल, कुणाच्या तोंडी घालता येईल, असं त्यात काही नसायचं. बारकीने तिच्यासमोर वही काढणं केव्हाच बंद केलं होतं. तरी बोलताना ताईची नजर तिच्या हातांवर जाऊन यायची.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी ताई अवेळी वर आली. लॅबमधून थेट, पर्स खांद्यालाच. डोळे लाल होते.

"काय झालं गं?"

ताईने तोंड उघडलं. बारकीने दोन्ही हात टेबलावर मोकळे ठेवले होते, तळवे वर करून. ताईने त्यांच्याकडे बघितलं.

"आज लॅबमध्ये काम जास्त होतं," ती म्हणाली. "त्यामुळे माझे डोळे दुखत आहेत."

"बस ना."

"नको. ह्यांच्या जेवणाची वेळ झाली आहे."

ती खाली गेली. थोड्या वेळाने खालच्या घराची खिडकी उघडल्याचा आवाज आला आणि मग ताईचा आवाज, भावजींशी बोलताना. भराभर, तुटक, मध्येच हुंदका, एक वाक्य अर्धं सोडून दुसरं धरलेलं. भावजी मधूनमधून नुसतं "हं" म्हणत होते. वरच्या स्वयंपाकघरात शब्द अजून नीट लागत नव्हते. टेबलापासून खिडकीपर्यंत गेलं असतं तर सगळे लागले असते.

बारकी उठली, खिडकीपर्यंत गेली. "...आणि मी तिला म्हटलं..." एवढं तिच्या कानावर आलं. तिने खिडकी ओढून घेतली आणि खिट्टी लावली.