यादवरावांनी सांगितलेला अर्थ

"साहब, ये लाइन का मतलब क्या है?"

झुबेरने घडी घातलेला कागद टेबलावर सरळ केला आणि ग्रीसने काळवंडलेलं बोट एका ओळीवर टेकवलं. यादवरावांनी चष्मा लावला आणि ओळ पाहिली. ती त्यांनीच लिहिली होती.

बहरीनमधल्या मआमीर गावाच्या कडेला असलेल्या त्या कारखान्यात यादवराव सत्तावीस वर्षं मेंटेनन्सच्या ऑफिसात बसत होते. हुद्दा म्हणाल तर साधा असिस्टंटचा, पण मान मिळायचा तो वेगळ्याच कामाचा. व्हिसाचं पत्र येवो की दवाखान्याचं, इंग्रजी न वाचता येणारा कामगार ते घेऊन त्यांच्याकडेच यायचा. यादवराव टेबलाखालचं स्टूल पायानेच पुढे सरकवायचे आणि पत्रात असेल तेवढंच सांगायचे, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. बातमी वाईट असली तरी.

याला कारण होते त्यांचे वडील. तासगावकडच्या गावात वडिलांना आलेली पत्रं पाटलाचा कारकून वाचून दाखवायचा, आणि हवं ते घालून नको ते गाळायचा. वडिलांनी शेवटी अठराव्या वर्षी, धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी, हातात पाटी धरली. यांच्या जातीच्या माणसांनी शिकायचं नसतं असं उभं गाव मानत असताना धरली.

या आजोबांवर मैत्रीने, म्हणजे यादवरावांच्या लेकीने, शाळेसाठी इंग्रजीत निबंध लिहिला होता. त्यात होतं, आजोबांचं शिकणं 'फ्लू इन द फेस ऑफ' गावाची समजूत.

"हे काय गं?"

"इट मीन्स, सगळे जे खरं मानतात ना बाबा, त्याच्या टोटली अगेन्स्ट जाणं."

यादवराव खूश झाले. नवा शर्ट कधी एकदा अंगात घालतो असं व्हावं, तसं त्यांना त्या शब्दांचं झालं. संधीही लगेच आली. झुबेर हा पंपांचा मेकॅनिक. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू पंपाला लावायचा, मूठ कानाशी धरायचा आणि आत काय चाललंय ते ऐकायचा. तीन नंबरच्या पंपाचं बेअरिंग जाणार, असं त्याने कळवलं. यंत्रावरचं रीडिंग तर ठणठणीत होतं. यादवरावांनी मॅनेजरला मेल लिहिला: झुबेरचं म्हणणं सगळ्या रीडिंगच्या 'फ्लाइज इन द फेस ऑफ', म्हणजे साफ उलट, मानण्यासारखं नाही. लिहून झाल्यावर दोनदा वाचला, स्वतःवरच फिदा होऊन. पंप तसाच चालू राहिला.

त्याच मेलची प्रत कुणीतरी झुबेरच्या हातात दिली होती, आणि तो अर्थ विचारायला आला होता. त्यांच्याकडेच. कारण दुसरं कोण खरं सांगणार?

"मतलब," यादवराव चष्मा पुसत म्हणाले, "तेरी बात नई है. देखनी चाहिए."

झुबेरचा चेहरा उजळला. "मेरे लिए लिखा आपने?" त्याने कागदाची घडी घातली आणि कामाच्या डांगरीच्या वरच्या खिशात जपून ठेवली.

सोळाव्या दिवशी तीन नंबरचा पंप जाम झाला आणि अर्धा प्लांट सहा तास बंद राहिला. मॅनेजर नुमान बहरीनचाच, पण भारतीयांबरोबर राहून हिंदी शिकलेला. त्याने दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"झुबेर, पहले क्यों नहीं बोला?"

"बोला था साहब. यादव साहब ने तो लिख के भी दिया. ये देखो."

नुमानने कागद वाचला; रोजच्या ढीगभर मेलमध्ये हा तो विसरूनच गेला होता. मग मान वर करून यादवरावांकडे पाहिलं. एवढी लाज यादवरावांना जन्मात वाटली नव्हती. नुमानला काय वाटलं कोण जाणे, त्याने कागद झुबेरला परत केला.

"अच्छा लिखा है. खलास. तुम जाओ."

झुबेर दारापर्यंत गेला आणि वळला. "शुक्रिया साहब. पूरे ऑफिस में आप अकेला मेरी तरफ था."

गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण यादवरावांना ते आभार गिळता येईनात.

"रुक झुबेर. मैंने झूठ बोला. इसमें लिखा है, तेरी बात मानने लायक नहीं. मैंने ही लिखा है."

झुबेरने न वाचता येणाऱ्या त्या ओळीवर पुन्हा बोट टेकवलं.

"गलत लिखा तो लिखा साहब, गलती सबसे होती है," तो हळू आवाजात म्हणाला. "मतलब तो सही बताना था."

त्याने कागद पुन्हा त्याच घड्यांवर दुमडला, या वेळी खिशात न ठेवता यादवरावांच्या हातात दिला आणि गेला.

शुक्रवारी राजधानी मनामातल्या हॉलमध्ये बुद्धवंदनेनंतर मैत्रीने आजोबांचा निबंध वाचला. ती ओळ आली तशा टाळ्या पडल्या. राधाबाईंनी नवऱ्याला कोपर मारलं. "वाजवा की टाळ्या. मामंजींचं कवतिक चाललंय."

यादवरावांनी वाजवल्या. आत्ता म्हातारा समोर असता तर त्याने एवढंच विचारलं असतं, की पाटलाच्या कारकुनात आणि तुझ्यात फरक तो काय?

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी सकाळी ऑफिस उघडलं. झुबेर लिफाफा घेऊन आत आला. सवयीने यादवरावांचा पाय टेबलाखाली गेला आणि स्टूल पुढे सरकलं.

"सलाम साहब," झुबेर नेहमीच्याच अदबीने म्हणाला आणि पुढे गेला. पलीकडच्या टेबलावरच्या मसूदाबाईंसमोर लिफाफा धरून उभा राहिला. तिथे बसायला काही नव्हतं. बाई वाचत होत्या, पत्र लांबलचक होतं, आणि झुबेर या पायावरून त्या पायावर भार देत उभा होता.

यादवराव उठले. स्टूल उचलून त्यांनी मसूदाबाईंच्या टेबलापाशी नेऊन ठेवलं आणि आपल्या जागी परत आले.

झुबेर बसला.