सूर्यभट्टी

जमादाराने आधी फाटकावरची पाटी उतरवली. मग आरसे मोजले, जाड लोखंडी टाकीवर काठीने टकटक केली आणि शेवटी सावलीत बसलेल्या चंद्रभानला म्हणाला, "ऊठ गा. बस जीपमधी."

चंद्रभान उठला नाही. तो कुहीच्या या धानगिरणीचा बॉयलरवाला. शिवाय देवराव सरांचे आरसे दर अर्ध्या तासाने सूर्याकडे वळवायचं कामही तीन वर्षांपासून त्याच्याकडेच होतं. त्याने सरांकडे पाहिलं.

सर नागपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर. बारा वर्षं ते एकाच गोष्टीच्या मागे होते. धान उकडल्यावर गिरणी पेजेसारखं पाणी नाल्यात सोडते, आणि त्याच्या आंबट वासात अर्धं गाव नाक दाबून जेवतं. त्या पाण्यातल्या पिठाची आधी साखर करायची, मग आरशांच्या उन्हाने तापवून, निकेलच्या भुकटीपाशी हायड्रोजन देऊन त्या साखरेचं सॉर्बिटॉल करायचं. शास्त्राच्या भाषेत तेही अल्कोहोलच. पण टूथपेस्टमध्ये घालतात ते, गोड. तांब्याभर प्यायलं तरी माणूस झिंगत नाही, फार तर पोट बिघडतं.

सोमवारी दिल्लीची समिती हे पाहायला येणार होती. तिने हो म्हटलं तर गिरणीच्या सगळ्या पाण्याला पुरेल एवढी मोठी टाकी मिळणार होती, आणि बारा वर्षं हसणाऱ्या कॉलेजला उत्तरही. समितीचा रस्ता चुकू नये म्हणून सरांनी स्वतः पाटी रंगवली: 'सूर्यभट्टी. येथे तांदळाच्या पाण्यापासून अल्कोहोल तयार होते.' शुद्ध मराठीचा त्यांना भारी अभिमान. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चार दिवसांत तिघे जण रिकाम्या बाटल्या घेऊन येऊन गेले आणि पाचव्या दिवशी दारूबंदी खात्याची जीप आली.

"भट्टी तुम्हीच लिहिलं, अल्कोहोल तुम्हीच लिहिलं," इन्स्पेक्टर समजुतीने म्हणाला. "मी आणखी काय शोधू?"

"हे ते अल्कोहोल नाही, साहेब. चाखून पाहा."

इन्स्पेक्टरने बोट बुडवून चाखलं. "गोड आहे."

"मग?"

"मग पंचनाम्यात काय लिहू, गोड लागलं?" त्याने बोट रुमालाला पुसलं. "नमुना तपासून यायला दोन महिने लागतात. तोवर जागेवर सापडलेला माणूस आत. तुम्ही कॉलेजातले, तुम्हाला कोणी हात लावणार नाही. नाहीतर असं करा, लिहून द्या की इथे अल्कोहोल तयार होत नाही आणि कधी झालंही नाही. मी याला सोडून जातो."

"त्याची प्रत कुठे जाईल?"

"जिल्ह्याच्या कार्यालयात. तसा नियमच आहे."

समितीची फाईल त्याच कार्यालयात शिक्क्यासाठी पडून होती. दोन्ही कागद एकाच टेबलावर येणार हे सरांना कळलं. तेवढ्यात चंद्रभानची बायको अंजनाबाई डबा घेऊन आली. जीप पाहून ती फाटकातच थांबली.

"काय झालं वो सर?" तिने विचारलं. "यायले काहून नेऊन राहिले?"

सरांना संताप आला, तो आपल्याच वळणदार अक्षरांचा. त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि पाटीवरचंच वाक्य उतरवलं. फक्त शेवटी बदल केला. खाली सही करून तारीख टाकली.

"नेत नाहीत, बाई," ते म्हणाले. "डबा दे त्याला."

पाटी मागच्या सीटवर घालून जीप निघून गेली. चंद्रभानने चार घास खाल्ले आणि सवयीने आरशाला हात घातला. ऊन केव्हाच सरकलं होतं. आरसा अर्धा वळवून तो थांबला.

"सर, एक इचारू?"

"विचार."

"तुम्ही लिहून देल्लं का इथं कधी काही बनलंच नाई. मंग मी तीन सालापासून काय फिरवून राहिलो होतो?"

सर सायकलपाशी गेले होते. त्यांनी धोतराचा काठ वर खोचला.

"आरसे," ते म्हणाले, आणि नागपूरची बस चुकेल म्हणून निघाले.