पिवळ्या परातीचा चमत्कार

सकाळी माझ्या दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं आणि समोरच्या काविळीच्या बाबांकडे ही लांब रांग! खोटं कशाला बोलू, डॉक्टर असूनही मी नुसती जळत होते. शिकले मी, आणि लोक पाया पडणार त्याच्या!

त्या रांगेत माझ्याच सासूबाई दिसल्या, तेव्हा तर तळपायाची आग मस्तकात गेली. सोबत धाकटी जाऊ होती. सातवा महिना, डोळे पिवळेधमक, बसल्या जागी पेंगत होती. मी धावले.

"आई, हिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात नेऊ. गरोदरपणात ही कावीळ जिवावर बेतू शकते!"

"तुझे पेशंट पळाले म्हणून पोटात दुखतंय तुझ्या," सासूबाई म्हणाल्या. वर्मी लागलं, कारण खरंच दुखत होतं.

पाण्याने भरलेल्या परातीकडे बोट दाखवत बाबा गरजले, "यकृताचं विष बोटांतून या पाण्यात उतरतं! निरोगी माणसाने हात बुडवला, तर पाणी नितळच राहतं!"

त्यांच्या बायकोने जावेच्या हातांना मंतरलेलं पाणी चोळलं. तेवढ्यात जाऊ कलंडली. सासूबाईंनी तिचे ओले हात घट्ट धरले आणि स्वतःच्या हातांसकट परातीत बुडवले. पाणी पिवळं झालं, लोकांनी हात जोडले. पण पिवळे ओघळ सासूबाईंच्या बोटांतूनही सुटत होते.

"अगं बाई! मलाही कावीळ?"

"सासूलाही लागण!" बाबांनी वेळ मारून नेली.

मी दुसऱ्या परातीत कोरडा हात बुडवला. पाणी नितळ. मग तेच मंतरलेलं पाणी चोळून पुन्हा बुडवला. पिवळं!

"बाबा, एवढ्यात मलाही कावीळ झाली का हो?"

गर्दीत हशा पिकला. परातीत चुन्याची निवळी होती आणि मंत्र म्हणजे आंब्याच्या खोडाच्या सालीचा रस. दोन्ही एकत्र आले की पिवळा रंग येतो, कुणाच्याही हातावर. बरेच रोगी विश्रांतीने आपोआप बरे होतात, श्रेय मात्र बाबा लाटतात.

सासूबाईंनीच रिक्षा थांबवली. हॉस्पिटलात उपचार झाले, जाऊ आणि बाळ दोघंही वाचली. आता सासूबाई दिवसभर तिथल्या डॉक्टरीणबाईंचं कौतुक सांगतात. मी अजूनही जळतेच.

पण पाणी मात्र त्या न चुकता उकळतात. आमच्या गल्लीत फुटक्या नळात गटार मिसळत होतं, कावीळ तिथून आली होती. तुम्हीही पाणी उकळून प्या, साबणाने हात धुवा. रक्तातून पसरणाऱ्या 'हिपॅटायटिस बी' काविळीसाठी लस घ्या, इंजेक्शनची सुई नवीच वापरायला लावा. परातीतलं पाणी बघायला अख्खी गल्ली जमली होती. पिण्याचं पाणी कुणीच बघितलं नव्हतं.