भुतांच्या जत्रेतली घोंगडी

भिऊ नका, मित्रांनो, जवळ या! माझ्या आत कोणी नाही. मी नुसती एक घोंगडी आहे, जुनी, काळी आणि टोचरी. टोचरी हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून तक्रार नको.

माझा मालक कोंडीबा. मुळशीत माले गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात धनगरवाडा आहे, तिथला. त्याच्याच काळ्या मेंढ्यांच्या लोकरीचं सूत काढून सणगराकडे दिलं, आणि त्याने मला मागावर विणलं. वर चिंचोक्याची खळ चढवली. तेव्हा मी अशी ताठ होते की कोंडीबाची बायको कृष्णाबाई म्हणाली, "आवं, ही घोंगडी हाय का पत्रा?"

पण पत्र्याला कधी ऊब असते का? पावसात कोंडीबा माझी खोळ करून डोक्यावरून घ्यायचा आणि दिवसभर मेंढ्यांमागे हिंडायचा. मेंढी रानातच व्याली, तर ओलं कोकरू माझ्यात गुंडाळून घरी यायचं. त्याचा मुलगा सुनीलसुद्धा माझ्यातच झोपून मोठा झाला. एकदा शेकोटीची ठिणगी उडून माझ्या कोपऱ्याला भोक पडलं. कृष्णाबाईने ते पांढऱ्या लोकरीने भरलं. काळ्यावर पांढरं! मला भारी राग आला होता. आज मात्र तोच माझा दागिना आहे.

एक गोष्ट मी कोंडीबाकडून शिकले. एखादं कोकरू बुजून करवंदीच्या जाळीत शिरलं, तर तो त्याच्या मागे धावत नसे. मला जमिनीवर अंथरायचा, जाळीकडे पाठ करून बसायचा आणि हळूहळू चुचकारायचा. "धावून धरल्यालं पुन्यांदा बुजतं," तो म्हणायचा, "आपल्या पायानं आल्यालं ऱ्हातं."

पुढे कृष्णाबाई गेली. सुनील हिंजवडीला कंपनीत लागला आणि मेंढ्या विकल्या. माझ्या जागी दुकानातलं गुळगुळीत ब्लँकेट आलं, वाघाच्या चित्राचं. मेंढपाळाच्या घरात वाघ, काय म्हणावं आता! मला पेटीत टाकलं. तिथे डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी किती वर्षं काढली कोण जाणे. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग गेल्या ऑक्टोबरात सोनालीने पेटी उघडली. सोनाली म्हणजे सुनीलची लेक, कॉलेजात शिकते. खाली रस्त्याला मोठं थीम पार्क झालंय ना, तिथे हॅलोविनची म्हणून भुतांची जत्रा भरते. शहरातली माणसं तिकीट काढून घाबरायला येतात. आमच्या डोंगरात फुकट घाबरता येतं, पण ते असो. सोनालीला तिथल्या भूतवाड्यात भुताचं काम मिळालं होतं. पार्कवाल्यांनी दिलेला झगा चमचम करणारा. "त्यात मी भूत न्हाई, वरातीतला घोडा दिसतीया," ती म्हणाली. "आबा, घोंगडी नेऊ?"

कोंडीबाचं तोंड उतरलं. "कोकरं निजवल्यात तिच्यात, पोरी. तिनं कुणाला भ्या दावायचं व्हय?"

"पंधराच दिस, आबा. न्हाईतर हितं कसर लागंल तिला."

मग आबानेच मला उन्हात झटकलं आणि नातीच्या हातात दिलं.

काय सांगू मित्रांनो, मी गाजले! सोनाली माझी खोळ घेऊन अंधाऱ्या कोपऱ्यात उभी राहायची आणि एकदम पुढे यायची. चांगले दाढीमिशीवाले बाप्ये किंचाळून एकमेकांच्या अंगावर पडायचे. पार्कच्या साहेबांनी सोनालीची पाठ थोपटली. मी अगदी फुगून गेले होते. आबाचं बोलणं विसरलेच म्हणा ना.

आबा रोज संध्याकाळी नातीला न्यायला यायचा आणि फाटकाशी बसून राहायचा.

शनिवारी फार गर्दी झाली. महाळुंग्याहून मोनाली नावाची बाई आपल्या सहा वर्षांच्या जुईलीला घेऊन आली होती. भूतवाड्यात मोठ्या माणसांच्या पायांमागे ती चिमुरडी सोनालीला दिसलीच नाही. सोनाली पुढे आली, आणि मी जुईलीच्या तोंडासमोर उघडले. तिचे डोळे मी पाहिले. बुजलेल्या कोकराचेच डोळे ते! आईचा हात सोडून ती धावली आणि खोट्या लाकडी पुलाखालच्या फटीत शिरली. तिथे मोठं माणूस मावत नव्हतं.

दिवे लागले. सगळी भुतं धावत आली आणि रंगवलेल्या तोंडांनी "बाळा, बाहेर ये" म्हणू लागली. पोर आणखी आत सरकली. मोनाली रडत ओरडत होती. साहेब म्हणाले, "फळ्या तोडाव्या लागतील, हातोडा आणा." पहिला ठोका पडला, आणि आतून अशी किंकाळी आली की माझा धागा न् धागा गारठला. हे मी केलं होतं, दुसऱ्या कोणी नाही.

सोनाली मला काखेत मारून फाटकाकडे पळाली. "आबा, चला! पोर बुजलीया!"

आबाला जास्त सांगावं लागलं नाही. आत येताच तो म्हणाला, "गप ऱ्हावा समदी. त्यो हातुडा ठेवा. बाई, तुमी हितं माज्याजवळ बसा, पर हाका मारू नगा."

त्याने मला पुलाजवळ अंथरलं, पांढरा कोपरा फटीच्या तोंडाशी येईल असं. मग पाठ करून बसला आणि चुचकारू लागला. साहेब घड्याळ बघत होते. भुतं जमिनीवर बसली होती. मी मनात म्हणत होते, ये गं बाई, एवढ्या वेळी ये. पुन्हा कधी कुणाला भिववणार नाही.

बराच वेळ गेला. मग माझ्या पांढऱ्या ठिगळावर एक लहानसा हात पडला.

"हे टोचतंय," आतून आवाज आला.

आबाने मान वळवली नाही. "टोचतंच ते, बाय. पर लई गरम असतं. बघ बसून."

थोड्या वेळाने जुईली आपल्या पायांनी बाहेर आली आणि माझ्यावर बसली. मोनालीने मला तिच्याभोवती गुंडाळलं. आईच्या मांडीवर, माझ्या आत, ती पाच मिनिटांत झोपली. सोनाली ओक्साबोक्शी रडत होती. आबा म्हणाला, "उगी. कोकरू आलं न्हवं?"

दुसऱ्या दिवसापासून सोनालीने तो चमचमता झगाच घातला. वाघोबा पेटीत गेले आणि मी पुन्हा कोंडीबाच्या अंगावर आले.

तर मित्रांनो, घरात कुठे जुनी घोंगडी असेल, तर वर्षातून एकदा तरी तिला ऊन दाखवा, झटका, पांघरा. कुणी बुजून लपून बसलं, तर त्याला ओढू नका, जवळ बसून राहा. आणि तुम्हीच कधी घाबरलात, समोर अंधारात काळंकाळं काही दिसलं, तर पळण्याआधी एकदा हात लावून बघा. टोचलं, तर मी आहे. या आत.