दुसरी-तिसरीची खोली

गजेंद्रनं बॅनर बांधण्यासाठी खिळ्यावर हातोडीचा तिसरा घाव घातला आणि छताचा ताटाएवढा पोपडा सुटून टेबलावर फुटला. पाणी वाचवण्याच्या तक्त्यांवर पांढरी भुकटी पसरली. सतरंजीवर बसलेली दुसरी-तिसरीची पोरं ओरडली नाहीत. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं मान खाली घालून केस झटकले, तिच्या मागच्या पोरानं वहीवर फुंकर मारली आणि दोघं पुन्हा पाहुण्यांकडे बघू लागले.

फोटोसाठी उचललेला मोबाइल प्रतीक्षानं खाली घेतला.

ती अकोल्याच्या एका कॉलेजात स्थापत्यच्या शेवटच्या वर्षाला होती आणि अभियंत्यांच्या एका संस्थेच्या विद्यार्थी शाखेची अध्यक्ष. जुलैपासून तिनं चार कार्यक्रम घेतले होते. प्रत्येक वेळी खुर्च्या तिनंच लावल्या, पाहुण्यांना स्टेशनवरून तिनंच आणलं आणि प्रत्येक वेळी ग्रुपवर एकच प्रश्न आला, सर्टिफिकेट मिळणार का? शाखेची मान्यता टिकवायला एक सामाजिक उपक्रम बाकी होता. आज येतो म्हणून अठरा जणांनी ग्रुपवर होकाराचे अंगठे टाकले होते. सकाळी स्टँडवर आला तो तिसऱ्या वर्षाचा गजेंद्र एकटा. या उपक्रमाचा अहवाल एकदा पाठवला की पद दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं आणि दोन दिवस झोपायचं, एवढंच तिनं बार्शीटाकळीपर्यंत बसच्या खिडकीला डोकं टेकून ठरवलं होतं.

गजेंद्र बाकावर चढून हातोडीच्या दांड्यानं छत ठोकत होता. भिंतीजवळ आवाज खणखणीत येत होता. मध्यावर आला तसा तो बद्द झाला.

"ताई, पोकळ आहे," तो हळू म्हणाला. "हे पाह्य."

प्रतीक्षा वर चढली. पोपडा पडला होता तिथं सळई उघडी पडली होती. तिनं बोट लावलं, तर गंजाचा पापुद्रा हातात आला. शेजारच्या बीमच्या पोटाला तडा होता. तिची करंगळी त्यात पेरापर्यंत गेली. असल्या तड्याची आकृती तिनं परीक्षेत पाच मार्कांसाठी काढली होती, पट्टीनं, नीटनेटकी.

ती खाली उतरली आणि पोरांना म्हणाली, "चला, सगळे व्हरांड्यात."

"भाषण तिकडंच घेऊ," गजेंद्र म्हणाला. "फोटो बी बरे येतील उजेडात. दोनची बस आहे, ताई."

तो तिला वाट काढून देत होता हे तिला कळलं. ती हेडमास्तरांच्या खोलीकडे गेली.

गावंडे सर हजेरीपटावर वाकले होते. निवृत्तीला वर्षभर राहिलेलं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"सर, त्या खोलीत मुलांना बसवू नका."

"मंग कुठं बसवू? माह्या डोक्यावर?" त्यांनी मान वर केली नाही. "मले का दिसत नाई? चार वर्षांपासून पाहून राहिलो मी ते छत."

"मग बंद का नाही केली खोली?"

"केली होती. दोनदा." आता त्यांनी पेन खाली ठेवलं. "पाऊस आला, व्हरांड्यात पाणी. गावातले लोक आले. म्हणे, मास्तरले शिकवाचा कंटाळा आला म्हणून कुलूप लावते. उघडली. तुमी पोट्टे येता, बॅनर लावता, जाता. अंदर आमालेच रहा लागते."

व्हरांड्याच्या टोकाला खिचडी शिजवणाऱ्या मैनाबाईंनी झारा थांबवला आणि इकडे पाहिलं.

प्रतीक्षानं बाहेर येऊन शाखेचे मार्गदर्शक प्राध्यापक टाले यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. अशा पाच समित्या त्यांच्याही गळ्यात होत्या.

"हे बघ, तू अजून इंजिनिअर नाहीस. तोंडी सांगितलंस ना, झालं. लेटरहेडवर एक अक्षर लिहू नको. उद्या कोणी विचारलं की कोणत्या अधिकारानं, तर मी काय सांगू? भाषण दे, फोटो काढ, ये."

"हो सर."

फोन ठेवून ती व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसली. पाय दुखत होते. टाले सर बोलले त्यात खोटं काही नव्हतं. समोर पोरं सतरंजी पसरत होती आणि कोपरा कोणाच्या वाट्याला येणार यावर भांडत होती. बाराची घंटा झाली. तिनं बॅगेतून लेटरहेडचे कागद काढले. आजवर त्यांच्यावर निमंत्रणं आणि आभार यापलीकडे काही लिहिलं गेलं नव्हतं.

तिनं लिहायला घेतलं. आम्ही विद्यार्थी आहोत, आमचा अभिप्राय अधिकृत नाही, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. मग जे पाहिलं ते लिहिलं. गजेंद्रनं टेप धरून तड्याची लांबी सांगितली, तिनं ती मांडली. तज्ज्ञ अभियंत्याकडून तपासणी होईपर्यंत या खोलीत कोणालाही बसवू नये, असं शेवटी लिहून खाली सही केली. नावापुढं 'विद्यार्थिनी, अंतिम वर्ष' असं लिहिताना पेन क्षणभर थांबलं.

"मी बी करतो सही," गजेंद्र म्हणाला.

"नको. तुझं एक वर्ष बाकी आहे."

त्यानं तिच्या हातून पेन घेतलं आणि सही केली.

गावंडे सरांनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा ओठ हलवत. हसतील असं तिला वाटलं होतं. ते उठले, कपाटातून एक फाइल काढली आणि तिच्यापुढं उघडून धरली. त्यांचेच पाच अर्ज होते. प्रत्येकावर लाल शाईत वरून आलेला तोच शेरा. तांत्रिक अहवाल जोडून सादर करावे.

"जोडा म्हणते. देणारा कोणी येत नाई," ते म्हणाले. "याले अहवाल म्हणतील का नाई, देव जाणे. पण जोडाले काहीतरी झालं."

त्यांनी कागद फाइलीला लावला, टाचणी आत दाबली आणि खोलीकडे निघाले. आतला फळा, खडू, पोरांच्या विसरलेल्या दोन पिशव्या त्यांनी स्वतः बाहेर आणल्या. दार ओढलं, कुलूप घातलं. एक पोरगी उभी राहिली.

"सर, उद्या बी भायेरच?"

"उद्या बी."

मग ते प्रतीक्षाजवळ आले आणि किल्ली तिच्यापुढं धरली.

"ही घेऊन जा."

"मी? सर, मी अकोल्याला राहते."

"म्हणूनच. माह्यापाशी राहिली तर लोक येतील, पाऊस येईल, अन् मी उघडीन. मी मले ओळखतो." त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "कोणी साहेब पाहाले आला त फोन करीन. तवा तुमीच घेऊन येजा."

"दुसरी किल्ली नाही?"

"कवाचीच हरवली."

प्रतीक्षानं मैनाबाईंकडे पाहिलं. त्या खिचडीची ताटं मांडत होत्या आणि मांडता मांडता मान हलवत होत्या. घे, असं सांगत.

दोनची बस धूळ उडवत आली. गजेंद्रनं गुंडाळलेलं बॅनर काखेत मारून जागा धरली. भाषण झालं नव्हतं, फोटो एकही काढलेला नव्हता. बस सुटून थोडं पुढं गेल्यावर टाले सरांचा मेसेज आला. उपक्रम झाला का? फोटो पाठव.

तिनं तो वाचला आणि मोबाइल बॅगेत टाकला. मग सीटवर मागं रेलून डोळे मिटले. झोप आली नाही. घट्ट मिटलेल्या मुठीत किल्ली हळूहळू गरम होत गेली.